आपल्या गाण्यांचा हंगाम : १४ एप्रिल ते वैशाखी पौर्णिमा

वसई तालुक्याच्या किनारपट्टीवर राजोडी, कळंब, अर्नाळा, नाळे, निर्मळ अशी गावे जवळजवळ वसलेली आहेत. या पट्ट्यात प्रत्येक समाजाच्या गाण्याबजावण्याचा काळ ठरलेला आहे. ख्रिस्ती बांधवांच्या लग्नांतील बँड उपवासकाळात थांबतो आणि ईस्टरनंतर पुन्हा वाजू लागतो. कोळीवाड्यांत होळीची गाणी वेगळी, नारळी पौर्णिमेची वेगळी. पूर्वेला डोंगराच्या बाजूस गेले, की वारली पाड्यांवर भात पिकू लागल्यापासून तारपा घुमतो. आपला बौद्ध समाज या किनाऱ्यावर संख्येने लहान आणि ठिकठिकाणी विखुरलेला. पण त्यालाही स्वतःचा एक हंगाम आहे. ११ एप्रिलला महात्मा फुले यांच्या जयंतीने त्याची चाहूल लागते, १४ एप्रिलला तो उभा राहतो आणि वैशाखी पौर्णिमेला भरास येतो. २७ मे हा माता रमाई यांचा स्मृतिदिन. तो होईपर्यंत आभाळ भरून येऊ लागते आणि मंडपाचे बांबू उतरवले जातात.

या हंगामाची लांबी दरवर्षी सारखी नसते, ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. १४ एप्रिल हा दिवस सूर्याच्या पंचांगाचा, तर पौर्णिमा चंद्राची. २०२४ साली बुद्ध पौर्णिमा २३ मे रोजी आली. २०२५ साली १२ मे रोजी. म्हणजे एका वर्षी गायन पार्टीला जवळजवळ सहा आठवडे मिळाले, तर दुसऱ्या वर्षी चारच. शिवाय लहान वस्त्यांना १४ एप्रिललाच गायक मिळणे कठीण. त्या दिवशी मुंबई, ठाणे, नाशिक येथील मोठी मंडळे नावाजलेल्या पार्ट्या आधीच ठरवून ठेवतात. म्हणून लहान गावांनी फार पूर्वीपासून एक समजूतदार वाट काढली आहे: एका गावाची जयंती १४ तारखेला, शेजारच्या गावाची पुढच्या शनिवारी, तिसऱ्याची महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीत. जयंती 'उशिरा' केली म्हणून हसणाऱ्यांना हे कळत नाही, की या फिरत्या तारखांमुळेच एका गावचे लोक दुसऱ्या गावच्या मंडपात जाऊन बसतात, सोयरिकी जुळतात आणि एकाच ढोलकीवाल्याच्या घरी दोन महिने चूल पेटते.

हा हंगाम म्हणजे नेमके काय, हे या स्मरणिकेत मांडावे असे आम्हांस वाटले, त्याला एक कारण आहे. निवासी शाळेत पौर्णिमेला उपोसथ पाळला जातो. ज्यांना जमेल ती मोठी मुले त्या दिवशी अष्टशील घेतात. त्या आठांतील सातवे शील नृत्य, गीत, वाद्य व तमाशे यांपासून दूर राहण्याचे आहे. आणि त्याच पौर्णिमेच्या संध्याकाळी मंडपात पेटी व ढोलकी लागते. मुले हे पाहतात आणि विचारतात. पालकांपैकीही काहींनी विचारले आहे : धम्मात गाणे चालते का? चालत असेल, तर हे शील कशासाठी? आणि चालत नसेल, तर आपण दोन महिने काय करतो?

प्रश्न जुना आहे आणि तो टाळण्याचे कारण नाही. पंचशीलात गाण्याला बंदी नाही. अष्टशील हे उपासकाने उपोसथाच्या एका दिवसापुरते घ्यावयाचे व्रत आहे. भिक्खूंसाठी मात्र तो नित्याचा नियम. विनयपिटकात या नियमाचे मूळ सांगितले आहे. राजगृहाला डोंगरमाथ्यावर मोठा उत्सव भरत असे. काही भिक्खू तो पाहावयास गेले आणि लोकांनी नावे ठेवली, की हे संसारी माणसांप्रमाणे नाचगाणे पाहत हिंडतात. त्यावरून भगवंतांनी नियम घालून दिला. गंमत अशी, की याच उत्सवात बसलेले असताना उपतिस्स आणि कोलित या दोन तरुण मित्रांच्या मनात अनित्यतेचा विचार आला व ते घर सोडून निघाले. पुढे तेच सारिपुत्त आणि मोग्गल्लान झाले.

संयुक्त निकायात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची कथा येते. रंगमंचावर लोकांना हसविणारा नट मरणानंतर हसऱ्या देवांच्या लोकी जातो, असे त्याने आपल्या गुरुजनांकडून ऐकले होते. त्याने भगवंतांना तीनदा विचारले. दोनदा ते टाळत राहिले. तिसऱ्यांदा उत्तर दिले, ते त्याच्या मनासारखे नव्हते. लोकांच्या मनातील राग, लोभ व मोह चेतवून जो त्यावर जगतो, त्याला स्वर्ग कसला? आमच्या मते या कथेत दोष गाण्याला दिलेला नाही. गाणाऱ्याने श्रोत्यांच्या मनात काय चेतवले, त्याला दिलेला आहे. याच्या दुसऱ्या बाजूस दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्त आहे. त्यात पंचशिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन भगवंतांसमोर येतो आणि गातो. गाणे कसले, तर प्रेमाचे. मध्येच त्यात बुद्धाचे व अरहंतांचे नाव गुंफलेले! भगवंतांनी त्याला हाकलून दिले नाही. तारेचा स्वर गळ्याला झाकत नाही आणि गळा तारेला झाकत नाही, असे म्हणून त्याची वाखाणणी केली. सिनेमाच्या चालीवर भीमाचे गाणे बांधले म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे सुत्त एकदा वाचावे.

महाराष्ट्राच्या दगडातही याची साक्ष आहे. छत्रपती संभाजीनगरच्या बौद्ध लेण्यांपैकी सातव्या लेण्यात, गर्भगृहाच्या भिंतीवर, एक नर्तकी व तिच्याभोवती वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया कोरलेल्या आहेत. ज्या उपासकांनी त्या कोरविल्या, त्यांना बुद्धमूर्तीशेजारी नृत्य असणे विसंगत वाटले नाही.

हे झाले धम्माचे. परंतु आपल्या मंडपातील गाणे थेट त्या लेण्यातून आलेले नाही. त्याचा मार्ग फार वेगळा, आणि त्या मार्गावर आपल्या पूर्वजांचा अपमान जागोजागी पडलेला आहे. आपले वाडवडील गात होते, वाजवीत होते. पण पुष्कळदा ते दुसऱ्यांच्या दारी, दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी आणि बलुत्याच्या बदल्यात. तमाशाच्या फडांत महार व मातंग कलावंतांचा भरणा होता. त्या कलेचे मोल होते, तिला टाळ्याही मिळत; पण नाचणाऱ्या बाईची आणि तिच्या जातीची किंमत मात्र त्या टाळ्यांनी वाढली नाही. महाडच्या सत्याग्रहासाठी निधी जमत असताना पठ्ठे बापूराव यांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले होते. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्माने ब्राह्मण. त्यांच्या फडातील प्रख्यात पवळा महार समाजातील. बाबासाहेबांनी तो पैसा नाकारला. चळवळीला पैशाची किती निकड होती हे ध्यानी घेतले, म्हणजे या नकाराचे वजन कळते. आपल्या समाजातील स्त्रीच्या नाचावर मिळालेल्या पैशाने त्याच समाजाच्या माणुसकीचा लढा लढता येणार नव्हता.

मग गाणे सोडून द्यावयाचे काय? येथे जलसा पुढे येतो. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढे त्या चळवळीत तमाशाचाच सांगाडा घेऊन सत्यशोधकी जलसे उभे राहिले. लोकांना गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम ठाऊक होता. सत्यशोधकांनी क्रम ठेवला आणि आतला माल बदलला. आंबेडकरी जलशांनी तेच अधिक धारदार केले. गणात देवाच्या जागी चळवळीचे वंदन आले. गौळणीतील शृंगार निघाला. वगातील राजाराणी जाऊन तेथे सावकार, पाटील, भटजी आणि शिकून आलेला तरुण यांची जुगलबंदी रंगू लागली. नाचणारी बाई मंचावरून दूर झाली. वाद्ये मात्र तीच राहिली : ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज.

नाशिककडील भीमराव कर्डक हे या जलशांचे अग्रणी. १९३० च्या मार्चमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच दशकात कर्डकांचा जलसा गावोगाव फिरू लागला. पुढे त्यांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहिले, म्हणून आज आपल्याला त्या काळाचे तपशील मिळतात. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यामागील कारण सरळ आहे. सभेतील भाषण ऐकणारा घरी जाऊन शेजाऱ्याला ते पुन्हा सांगू शकत नाही. गाणे मात्र तो दुसऱ्या दिवशी कामावर जाताना गुणगुणतो आणि सोबतचा ते उचलतो. ज्यांना अक्षर नव्हते त्यांच्यासाठी वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक आणि ठराव, तिन्ही या एका गाण्यात होते.

वामनदादा कर्डक यांचे उदाहरण मुलांना आवर्जून सांगावे. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईत येऊन त्यांनी गिरणीत व अन्यत्र अंगमेहनतीची कामे केली. तरुण वयातही त्यांना वाचता येत नव्हते. कोणीतरी पत्र वाचून दाखव म्हणून पुढे केले आणि ते वाचता येईना, ही लाज त्यांना इतकी लागली, की देहलवी नावाच्या मास्तरांकडे त्यांनी मुळाक्षरांपासून सुरुवात केली. ३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गीत रचले, तेही एका सिनेगीताच्या चालीवर विडंबन म्हणून. त्यानंतर १५ मे २००४ रोजी निधन होईपर्यंत ते रचीत व गात राहिले. म्हणजे आपला सर्वांत मोठा लोककवी हा प्रौढपणी साक्षर झालेला माणूस होता. त्यांचा स्मृतिदिनही याच हंगामात येतो, हा योगायोग.

जलशापुढचा टप्पा कव्वालीचा. मुंबईच्या चाळींत आणि गिरणगावात मुस्लिम कव्वालांच्या बैठका रंगत. आपल्या गायकांनी तो ढंग उचलला : आधी शेर, मग मुखडा, कोरसची टाळी, आणि गायक एकाच ओळीवर परतपरत येऊन तिला नवा अर्थ देतो. त्यातून 'सामना' सुरू झाला. दोन पार्ट्या समोरासमोर, एकीने गाण्यातून प्रश्न टाकावयाचा, दुसरीने जागच्या जागी उत्तर द्यावयाचे. श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, गोविंद म्हशीलकर ही नावे आमच्या पिढीच्या पालकांनी अशा मंडपांतून ऐकली. विठ्ठल उमप तर नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला, व्यासपीठावरच कोसळले आणि गेले.

आता एका रात्रीचा कार्यक्रम कसा उभा राहतो ते पाहू. कारण हंगामाचे खरे मर्म येथे आहे. फेब्रुवारीत रमाई जयंती झाली, की मंडळाची बैठक बसते. घरटी वर्गणी ठरते. पार्टीला सुपारी द्यावयाची म्हणजे आगाऊ रक्कम देऊन तारीख बांधावयाची. पार्टीत सहा ते दहा माणसे : मुख्य गायक वा गायिका, पेटीवाला, ढोलकी, तबला, बेंजो, खंजिरी, आणि मागे कोरस. अलीकडे ऑर्गन व पॅड आले. यांतील फार थोड्यांचे पोट केवळ गाण्यावर चालते. बाकीचे नोकरी करतात, रिक्षा चालवितात, सुतारकाम करतात आणि या दोन महिन्यांसाठी रजा साठवून ठेवतात.

संध्याकाळी आधी त्रिसरण-पंचशील, मग प्रमुख पाहुण्यांचे भाषण, शिष्यवृत्ती वा वह्यांचे वाटप. हे सारे लवकर आटोपावे अशी श्रोत्यांची इच्छा असते आणि वक्त्यांची नसते! नंतर पार्टी मंचावर येते. माईकवाला आवाज जुळवीपर्यंत ढोलकीवाला चाट ताणून सूर बसवितो. पहिले गाणे वंदनाचे. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापर्यंत गायक मंडपाचा अंदाज घेत असतो. समोर बायका अधिक असतील तर रमाईचे गाणे लवकर येते. तरुण उभे असतील तर चाल चढते. गावात नुकतेच कोणी गेले असेल, तर त्याच्या नावाने एक गीत. बक्षिशी देणारा मंचाजवळ येतो, गायक गाणे न तोडता त्याचे नाव शेरात बांधतो. दहा रुपये देणाऱ्या म्हाताऱ्या आजीचे नावही शंभर रुपये देणाऱ्या कंत्राटदाराच्या नावाइतक्याच मोठ्याने पुकारले जाते. ही समता आम्हांस भाषणांपेक्षा अधिक पटते.

आणि शेवटच्या कडव्यात कवीचे नाव येते. संतांच्या अभंगांत, शाहिरांच्या लावणीत जशी नाममुद्रा असते तशी भीमगीतातही असते. गाणे ज्याने लिहिले तो कदाचित कुर्ल्याच्या झोपडपट्टीत वा मनमाडच्या रेल्वे वसाहतीत राहणारा अनाम कामगार असेल. पण अखेरच्या कडव्यात तो स्वतःचे नाव सांगून जातो. पूर्वी ही गीते पातळ कागदाच्या लहान पुस्तिकांत छापली जात आणि जयंतीला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर विकली जात. गायक त्यांतून गाणी उतरवून घेत. १९८० च्या दशकात कॅसेट आली आणि गाणे घरोघरी पोहोचले, हा मोठाच लाभ झाला. पण कॅसेटच्या लांबीसाठी कडवी कापली गेली, आणि कापताना पहिला नंबर पुष्कळदा शेवटच्या कडव्याचा लागला. आज मिरवणुकीतील मिश्रणात तर मुखडा तेवढा उरतो. गाणाऱ्याचे नाव पडद्यावर येते, लिहिणाऱ्याचे जाते.

येथून आम्ही आमच्या काळजीकडे येतो. सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. या हंगामातील जिवंत गाणे मागे पडत आहे आणि त्याची जागा ध्वनिभिंती घेत आहेत. याचे सारे खापर तरुणांवर फोडणे आम्हांस मान्य नाही. काही कारणे कायद्यातील आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत. राज्य शासनास वर्षातील १५ दिवसांपुरती ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. नियम रास्त आहे. वस्तीत आजारी माणसे असतात, परीक्षा देणारी मुले असतात. परंतु रात्रभर चालणारा सामना त्याने संपला, हेही खरे. सामन्याला वेळ लागतो. पहिला तास दोन्ही पार्ट्या एकमेकींना चाचपतात, खरा सवाल मध्यरात्रीनंतर पडतो. भाषणे साडेआठपर्यंत लांबली आणि दहाला माईक बंद, तर उरलेल्या दीड तासात सामना होत नाही, ठरलेली दहा गाणी होतात. आणि ठरलेली दहा गाणी तर मोबाईलवरही आहेत, असे मंडळाचा खजिनदार म्हणतो, तेव्हा त्याला उत्तर देणे अवघड जाते.

दुसरे कारण पैशाचे. दहा माणसांचा प्रवास, जेवण, बिदागी हा खर्च एकीकडे. एक टेम्पो आणि त्यावरील पेट्या दुसरीकडे. पेट्या स्वस्त पडतातच असे नाही. पण त्या वेळेवर येतात, रुसत नाहीत आणि हव्या तितक्या मोठ्याने वाजतात. फक्त त्या प्रश्न विचारीत नाहीत. गावात कोण गेले, कोण दहावी झाली, कोणाच्या जमिनीचा वाद चालू आहे, हे त्यांना ठाऊक नसते. राजोडीच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी रिसॉर्टांतून जो ठोका ऐकू येतो, तोच ठोका जयंतीच्या मिरवणुकीत ऐकू आला, तर मुलाला या दोहोंत फरक काय सांगावा?

हा प्रश्न या भूमीला नवा नाही, हे मात्र अभिमानाने सांगितले पाहिजे. राजोडीपासून जवळच सोपारे आहे; प्राचीन शूर्पारक. याच प्रदेशातील पूर्ण हा थेर भगवंतांची अनुज्ञा घेऊन, लोक शिव्या देतील, मारतील हे गृहीत धरून, धम्म सांगण्यासाठी येथे परतला होता. तेथील स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, आपल्या किनाऱ्यावरील भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. हे दोन्ही लेख उत्सवांविषयीच आहेत, असे म्हटले तरी चालेल. आठव्यात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे मौजेच्या व शिकारीच्या यात्रा काढीत. आपण त्या सोडून धम्मयात्रा आरंभिली. नवव्यात तो म्हणतो, की लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात. करावेत, पण त्यांचे फळ थोडे. दास व सेवकांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांविषयी संयम, श्रमणांना दान, हे धम्ममंगल अधिक फळ देते. याच लेखमालेतील चौथ्या लेखात युद्धाच्या भेरीचा घोष आता धम्माचा घोष झाला, असे अशोक सांगतो. त्याने भेरी फोडून टाकली नाही, ती वेगळ्या कामाला लावली. जलशाने ढोलकीचे नेमके हेच केले होते.

नृत्याविषयी दोन शब्द. आपल्या हंगामात नृत्य आज तीन रूपांत दिसते : मिरवणुकीतील लेझीम, ध्वनिभिंतीपुढील नाच आणि मंचावरील मुलामुलींची बसविलेली नृत्ये. लेझमीविषयी कोणाचा वाद नाही. तीत शिस्त आहे आणि मुलगे-मुली एकत्र खेळतात. वाद मुलींच्या मंचीय नृत्याचा. काही ज्येष्ठांना ते पाहून जुनी जखम आठवते. आमच्या आयाबहिणींना ज्यासाठी नाचविले गेले, ते आम्ही हौसेने का करावे, असे ते विचारतात. त्यांची वेदना आम्ही हलकी लेखत नाही. पण बाबासाहेबांनी नाकारला तो स्त्रीच्या नाचावर इतरांनी कमावलेला पैसा. मुलगी स्वतःच्या आनंदासाठी, स्वतःच्या माणसांत, सावित्रीबाईंवरील गीतावर पावले टाकते, तेव्हा तेथे ना सुपारी असते, ना दौलतजादा. तिच्यावर नोटा उधळावयास कोणी मंचाकडे निघाला, तर त्याला तेथेच थांबवावे, ही अट मात्र आम्ही पाळतो आणि सर्व मंडळांनी पाळावी असे सुचवितो. जलशातून दूर झालेली स्त्री पुढे गायिका म्हणून मानाने मंचावर परतली, हेही विसरू नये. सुषमादेवी, वैशाली शिंदे यांनी मोठमोठे मंडप गाजविले. आणि एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरात यांना तर अलीकडे घरोघरीची मुले ओळखतात. त्यांच्या गाण्यास पेट्यांची भिंत लागत नाही.

शाळेच्या हाती जे आहे ते थोडे आहे, तरी ते सांगतो. मुलांना तयार गाण्यावर हातवारे शिकविण्यापेक्षा ढोलकीचा एक ठेका आणि पेटीवरील एक चाल शिकविणे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. ओळखीच्या चालीवर आपले शब्द बसविणे हा तर वामनदादांचाच पाठ, आणि तो मराठीच्या तासालाही चालतो. पहिले कडवे वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवर रचले गेले तरी हरकत नाही. मंडळांना एवढीच विनंती, की भाषणे सातपूर्वी उरकावीत, म्हणजे गायकाला दहापर्यंत तीन तास मिळतील. त्यात लहानसा सामना बसतो.

आणि माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे. तुमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत, माळ्यावर, जुन्या गीतांच्या वह्या वा पुस्तिका असतील. पेन्सिलीने लिहिलेल्या, चालीची खूण समासात केलेल्या, शेवटच्या कडव्यात कवीचे नाव असलेल्या. किनाऱ्यावरच्या दमट हवेत असा कागद फार वर्षे टिकत नाही. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. मंच बंद आणि तीन महिने प्रवचने ऐकण्याचा काळ. त्याआधी, पहिल्या पावसापूर्वी, त्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात आणून द्याव्यात. मूळ वही ज्याची त्याला परत मिळेल. आम्ही वर्षावासात बसून त्यांतील प्रत्येक गीत, सर्व कडव्यांसह, उतरवून ठेवू.